गाडी दिल्लीत, टोकन बार्शीतून : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात क्लचवर लिहिलं होतं, पण त्याच्यावर दोनच प्रश्न आले आणि बाकी सगळे मेसेज एकाच विषयाचे, की बाहेरच्या राज्यातल्या डीलरकडून जुनी गाडी घेऊ का, फोनवर ठरवू का, टोकन टाकू का. म्हणून या वेळचं सगळं पान त्यालाच दिलंय. मी स्वतः सांगलीत गॅरेज चालवतो, गाडी घेऊन फसलेली माणसं आधी माझ्याकडे येतात आणि पोलिसांकडे नंतर, त्यामुळे हे प्रश्न मला जवळचे आहेत.

प्रश्न (बार्शीहून एक वाचक) : दादा, फेसबुकवर दिल्लीतल्या एका डीलरची जाहिरात बघितली. २०१७ ची स्विफ्ट डिझायर डिझेल, फर्स्ट ओनर, ५२ हजार किलोमीटर, २ लाख ४० हजार. आपल्याकडे तीच गाडी चार-सव्वाचारला सांगतात. व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली, आरसीचा फोटो पाठवला, मी अ‍ॅपवर नंबर टाकला तर सगळं बरोबर निघालं. आता म्हणतोय २१ हजार टोकन टाका, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय. गाडी ट्रकवर चढवून देतो म्हणतो. एवढी स्वस्त कशी काय? घेऊ का?

उत्तर : भाऊ, आधी स्वस्त का ते बघू, कारण दिल्लीची गाडी स्वस्त असण्याला खरं कारण पण आहे आणि त्याच खऱ्या कारणाच्या आडून फसवणारे लपतात. दिल्ली आणि आजूबाजूच्या एनसीआरमध्ये १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी केली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोर्टाने नुसत्या वयावरून कारवाई करू नका असं सांगितलं, नंतर त्यातही बदल झाले, म्हणजे नियम हलता आहे आणि तिकडचा मालक धास्तावलेला आहे. २०१७ च्या डिझेलची दहा वर्षं २०२७ ला भरतात, म्हणून तो ती कमी भावात काढतो. आपल्याकडे महाराष्ट्रात खासगी गाडी १५ वर्षं चालते आणि पुढे पासिंग करून परत नोंदणी होते, त्यामुळे तीच गाडी इथे जास्त किमतीची. इथपर्यंत सगळं सरळ आहे.

पण २ लाख ४० हजार ही गाडीची किंमत नाही, ती दिल्लीत उभ्या असलेल्या गाडीची किंमत आहे. तिला तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे गाडी दुसरीकडे न्यायला हरकत नाही असा दाखला लागतो, फॉर्म २८ म्हणतात तो, आणि त्याच्यावर तुमच्या आरटीओचं नाव असायला पाहिजे, दुसऱ्याच आरटीओचं नाव पडलं की परत दिल्लीला हेलपाटे. मग इकडे आल्यावर महाराष्ट्राचा टॅक्स. नवीन गाडीला १० लाखांपर्यंत पेट्रोलला ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के आहे, म्हणजे आठ लाखांची डिझेल नवीन असती तर १ लाख ४ हजार झाले असते, जुनीला वयाप्रमाणे कमी होतो पण बऱ्यापैकी आकडा येतोच, तो टोकन टाकायच्या आधी आरटीओत जाऊन विचारून या. दिल्लीत भरलेला उरलेला टॅक्स परत मागता येतो पण त्याला इकडच्या नव्या नोंदणीचा पुरावा लागतो आणि वेळ लागतो, तो हिशेबात धरूच नका. ट्रकचं भाडं, नवीन नंबर प्लेट, इन्शुरन्स, एजंट, सर्व्हिसिंग. हे सगळं मांडलं की चार लाखांतला आणि अडीच लाखांतला फरक बराच खाली येतो, आणि जो उरतो तेवढ्यासाठी न बघता गाडी घ्यायची का हा खरा प्रश्न आहे.

आता अ‍ॅपचं. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकल्यावर गाडी खरी आहे एवढंच कळतं, ती या माणसाची आहे हे कळत नाही. मालकाचं नाव तिथे अर्धं चांदण्या टाकून झाकलेलं असतं. कुणाच्याही रस्त्यावर उभ्या गाडीचा नंबर घेतला, तिच्याच रंगाच्या दुसऱ्या गाडीचे फोटो लावले की तुमच्यापुरती जाहिरात तयार. व्हिडिओ कॉलवर त्याने त्याला पाहिजे ते दाखवलं असणार, आता तुम्हाला पाहिजे ते बघा. त्याला सांगा दुकानाच्या पाटीपासून सुरू कर, कॉल न तोडता नंबर प्लेटवर ये, मग बॉनेट उघडून चासी नंबरवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरवर कॅमेरा धर आणि शेजारी कागदावर आजची तारीख आणि माझं नाव लिहून धर. खऱ्या डीलरला यात पाच मिनिटं लागतात. जो म्हणतो गाडी गोडाऊनला आहे, मुलगा जेवायला गेलाय, चावी भावाकडे आहे, त्याला टोकन टाकू नका. त्याचा जीएसटी नंबर मागा, जीएसटीच्या सरकारी साइटवर तो टाकला की फर्मचं नाव, पत्ता आणि नोंदणीची तारीख दिसते. पंधरा वर्षांचं जुनं दुकान म्हणणाऱ्याची नोंदणी दोन महिन्यांपूर्वीची निघाली तर विषय तिथेच संपला. आणि पैसे त्याच फर्मच्या नावच्या खात्यात जातायत का बघा, भाच्याच्या यूपीआयवर नाही.

दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय तर येऊ दे. भाऊ, मी हे ऐकून २०१६ मध्ये १५ हजार घालवलेत, परराज्यातला डीलर होता, गाडी होती पण खरी, त्याने माझं टोकन ठेवलं आणि गाडी जास्त देणाऱ्याला दिली आणि मग म्हणाला टोकन नॉन-रिफंडेबल असतं. पावतीच नव्हती माझ्याकडे. तेव्हापासून मी कुणालाही एकच सांगतो, रेल्वेचं तिकीट काढून स्वतः जा, नाहीतर तिथलाच एखादा मेकॅनिक पैसे देऊन गाठा. जाऊन-येऊन, दोन रात्री राहून आठ-दहा हजार जातील. गाडी नापसंत पडली तर ते दहा हजार गेले असं वाटेल, पण ते २ लाख ४० हजार वाचवायला गेलेत. गाडी बघितल्यावर टोकन द्यायचं तर पाच हजार द्या, आणि पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, एनओसी किती दिवसांत आणि नाही मिळाली तर टोकन परत, एवढं लिहून घ्या.

प्रश्न (चिपळूणची एक वाचक) : ऑनलाइन एक गाडी बघितली, मालक म्हणतो मी सैन्यात आहे, बदली झाली म्हणून कमी पैशात विकतोय. आयकार्ड, कॅन्टीन कार्ड सगळं पाठवलं. गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये आहे, सैन्याच्या ट्रान्सपोर्टने घरपोच येईल, आधी ४,१०० रुपये ट्रान्सपोर्टचे भरा म्हणतो. आमचे हे म्हणतात सैन्यातला माणूस फसवेल का?

उत्तर : ताई, सैन्यातला माणूस नाहीये तो. हा प्रकार बरीच वर्षं चालू आहे आणि तो चालतो कारण आपल्या कोकणात, साताऱ्याकडे घरटी कुणीतरी फौजेत असतं, त्या कार्डाचा फोटो बघितला की आपण विश्वास टाकतो. कार्ड कुणाचं तरी चोरलेलं किंवा बनवलेलं असतं. सैन्य कुणाची खासगी विकलेली गाडी घरपोच देत नाही. ४,१०० भरले की मग जीपीएसचे ७ हजार, मग टोलचे, मग इन्शुरन्सचे, आणि प्रत्येक वेळेला गाडी पोचल्यावर परत मिळणार म्हणून सांगतात. कधी कधी म्हणतात मागचे पैसे परत करतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा. पैसे यायला कधीच पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेले. मिस्टरांना हे वाचून दाखवा आणि तो नंबर ब्लॉक करा.

प्रश्न (लातूरहून एक वाचक) : धाकट्या भावाने हैदराबादच्या डीलरकडची क्रेटा पसंत केलीय, आम्हाला हैदराबाद जवळच आहे. गाडी आतून एकदम नवी दिसते, सीट कव्हर नवे, मॅट नवी, वास पण छान येतो. एक ओळखीचे म्हणाले पुरातली असेल. पुरातली गाडी ओळखायची कशी?

उत्तर : हा प्रश्न मला दोन-तीन पानं दिली तरी पुरणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या गल्लीतल्या गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. पाणी उतरल्यावर आम्ही गॅरेजवाले रात्रंदिवस गाड्या खोलत होतो, आणि त्याच आठवड्यात बाहेरगावचे लोक ट्रक घेऊन आले, गल्लीगल्लीत फिरून भिजलेल्या गाड्या विकत घेत होते. इन्शुरन्स कंपन्यांनी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या ठरवलेल्या गाड्या लिलावात गेल्या त्या वेगळ्याच. त्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. धुऊन, वाळवून, सीट कव्हर घालून त्या अशा गावी विकल्या जातात जिथे पूर आलेला नसतो आणि कुणी तसलं काही तपासत नाही. हैदराबादला २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मोठा पूर आला होता, चेन्नईला २०१५ मध्ये, दिल्लीत यमुनेला २०२३ मध्ये. गाडी त्या शहरातली आणि त्या आधीची असेल तर तपासणी डबल करायची.

आता कसं बघायचं ते सांगतो. गाडीत बसल्यावर आधी सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत, रोज वापरताना जो भाग बाहेर येतच नाही तिथपर्यंत. गाडी धुणारा माणूस सगळं धुतो पण बेल्टचं शेवटचं हातभर टोक धूत नाही. तिथे चहाच्या डागासारखी आडवी रेघ दिसली की पाणी तिथपर्यंत आलं होतं. बेल्ट एकदम कोरा करकरीत असेल तर त्याच्या खालच्या टॅगवरची तारीख बघा, २०१८ च्या गाडीला २०२१ चा बेल्ट का लागला ते विचारा. मग सीट पुढे-मागे सरकवून खालच्या रेलचे बोल्ट टॉर्च लावून बघा, तिथे बोट फिरवलं आणि बोटाला बारीक, पिठासारखी राखाडी माती लागली तर समजा नदीची आहे, रस्त्याची धूळ अशी नसते, ती ओली करून बोटांत चोळली की साबणासारखी गुळगुळीत लागते. मला तो स्पर्श अजून हातात आहे. डिकीतली स्टेपनी बाहेर काढा आणि तिच्या खोबणीत बघा, पाणी तिथे सगळ्यात शेवटी वाळतं. कार्पेटची कड उचलून खालच्या फोमला दाबा. स्टिअरिंगखालच्या फ्यूज बॉक्सच्या पिना हिरवट झाल्यात का बघा.

वासाचं तुम्ही लिहिलंय ते महत्त्वाचं आहे. छान वास येतोय म्हणजे कुणीतरी मुद्दाम आणलाय. सगळ्या काचा बंद करून हीटर फुल लावा, दहा मिनिटं थांबा. परफ्यूमच्या खालून ओल्या गोणपाटासारखा वास आला तर उतरा आणि घरी या, किंमत किती पण कमी करू दे. क्रेटासारख्या गाडीत वायरिंग आणि कंट्रोल युनिट इतके आहेत की आज चालतंय ते सहा महिन्यांनी एकेक करून बंद पडतं, आज पॉवर विंडो, उद्या एबीएस, आणि कुठला मेकॅनिक पण खात्रीने सांगू शकत नाही की आता संपलं. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागतच नसेल तर कुणीतरी तो काढून टाकलाय, आणि एअरबॅग आहे की नाही हे तुम्हाला अपघातात कळणार.

एक कागदी तपासणी पण करा, ही फार थोडे लोक करतात. चालू इन्शुरन्स पॉलिसी मागा आणि तिच्यावर नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते बघा. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के असतो. सहा-सात वर्षांची गाडी, मालक म्हणतो एक ओरखडा नाही, आणि पॉलिसीवर बोनस शून्य, तर क्लेम कशाचा घेतला होता ते विचारायलाच पाहिजे. आणि भाऊ गाडी घेईल तेव्हा तो बोनस त्याच्या नावावर येत नाही, तो जुन्या मालकाचाच राहतो, डीलर वेगळं सांगत असेल तर ऐकू नका.

प्रश्न (पुण्याच्या एक वाचक) : आमच्या ह्यांनी दीड वर्षापूर्वी गाडी एका डीलरला विकली, त्याने फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी विकल्याचे, नाव बदलायचे फॉर्म) सह्या घेतल्या, पैसे दिले. गाडी म्हणे कर्नाटकात विकली. अजून ह्यांच्या मोबाइलवर चलन येतायत, बंगळुरूची. डीलर म्हणतो होईल ट्रान्सफर. घाबरायचं कारण आहे का?

उत्तर : आहे ताई, आणि तुम्ही विक्रेत्या असलात तरी हा प्रश्न घेणाऱ्यांनी पण वाचावा, कारण धंद्यात ज्याला ओपन २९-३० म्हणतात ते दोन्ही बाजूंना मारतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन डीलर गाडी दुसऱ्याला देतो, तो तिसऱ्याला, आणि कागदावर मालक तुमचे मिस्टरच. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, मधे गाडी किती पण हातांनी फिरलेली असू दे. म्हणजे तिकडे अपघात झाला आणि इन्शुरन्स नसला तर भरपाईचा दावा तुमच्या दारात येईल. मी तुम्हाला भीती घालत नाहीये पण हे आज हातात घ्या.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. उशीर झालाय तरी आता पुण्याच्या आरटीओला लेखी द्या, गाडी कुणाला, कधी विकली, पैसे कुठल्या खात्यातून आले त्याचं बँक स्टेटमेंट जोडा, पोच घ्या. डीलरला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा, आणि पोलिसात एक अर्ज देऊन ठेवा. जुना फास्टॅग अजून ह्यांच्याच नावावर असेल तर बँकेला सांगून बंद करा.

यापुढे कुणी गाडी डीलरला देणार असेल त्यांच्यासाठी : १ एप्रिल २०२३ पासून नियम बदललेत. जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत डीलरचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते पाच वर्षं चालतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा, त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरची. एनओसीचा, ट्रान्सफरचा अर्ज पण तोच करू शकतो. घेणाऱ्याने पण विचारावं, तुमचं प्रमाणपत्र दाखवा, या गाडीचा २९सी भरलाय का. खूप जणांकडे अजून नाहीये, पण ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घेताना निदान कागद सरळ असतात.

प्रश्न (सावंतवाडीहून एक वाचक) : गोव्यातली एक स्विफ्ट मिळतेय, आम्हाला बांदा ओलांडलं की गोवाच. स्वस्त आहे, पण नंबर प्लेटच्या जागी जुन्या प्लेटच्या खुणा दिसल्या. चालेल ना?

उत्तर : आरसी नीट वाचा. गोव्यात पर्यटकांना चालवायला देतात त्या रेंट-अ-कॅब गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात, त्या काही वर्षांनी खासगी करून विकल्या जातात. करणं बेकायदेशीर नाही, लपवणं हा प्रश्न आहे. अशी गाडी दर दोन दिवसांनी वेगळ्या माणसाने चालवलेली असते, क्लच, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स बघून घ्या आणि भाव त्या हिशेबाने पाडा. किलोमीटरवर जाऊ नका. टायरवर चार आकडी तारीख असते, ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा, ३५ हजार चाललेल्या गाडीचे टायर दोनदा बदललेले कसे काय? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेऊन सर्व्हिस रेकॉर्ड काढायला लावा, त्यात प्रत्येक वेळचे किलोमीटर असतात.

प्रश्न (नाशिकचे एक वाचक) : अहमदाबादचा डीलर ५ लाखांच्या गाडीवर १८ टक्के जीएसटी म्हणून ९० हजार वेगळे मागतोय. नाहीतर सगळे पैसे रोख द्या म्हणतो.

उत्तर : दोन्ही चूक. जुन्या गाडीवर २०२५ पासून १८ टक्के आहे हे खरं पण तो डीलरच्या मार्जिनवर, पूर्ण किमतीवर नाही. त्याने गाडी साडेचारला घेऊन पाचला विकली तर मार्जिन ५० हजार आणि त्यावर ९ हजार. आणि २ लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही. तुमच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट अशी की रोख दिल्यावर उद्या भांडायला तुमच्या हातात काही राहत नाही.

प्रश्न (कराडहून एक वाचक) : मी आधीच फसलोय. तीन दिवसांपूर्वी ५० हजार ऑनलाइन टाकले, गाडी ट्रकवर चढवल्याचा फोटो आला, कालपासून फोन बंद. घरी अजून सांगितलं नाही. पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणाले दिल्लीचं प्रकरण आहे, तिकडे तक्रार करा.

उत्तर : आधी घरी सांगा. तुम्ही एकटे हे घेऊन बसलात तर तोच माणूस परत फोन करेल, आणखी २० हजार द्या म्हणजे गाडी सोडतो म्हणेल, आणि तुम्ही ते पण द्याल, मी असं होताना बघितलंय. तुमचं काही चुकलं म्हणून लपवायची गरज नाही, चुकलं फसवणाऱ्याचं.

मग लगेच १९३० ला फोन करा, हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. पैसे ज्या खात्यात गेले तिथे उरले असतील तर गोठवता येतात, पहिल्या काही तासांत शक्यता जास्त असते, तीन दिवस झाले म्हणून सोडून देऊ नका. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार भरा, व्यवहाराचा नंबर, चॅट, ट्रकचा फोटो, सगळं जोडा, काही डिलीट करू नका. बँकेला लेखी कळवा. आणि पोलीस म्हणाले ते बरोबर नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यावीच लागते, झिरो एफआयआर म्हणतात. परत जा, कलमाचा नंबर शांतपणे सांगा, नाहीच घेतली तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा.

हा डीलर खरा निघाला, म्हणजे दुकान आहे, बिल आहे, नुसती टाळाटाळ आहे, तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फार चांगली गोष्ट केलीय, तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे साताऱ्याला, दिल्लीला जायची गरज नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही. त्याच्या बिलावर 'वाद फक्त दिल्ली कोर्टात' असं छापलेलं असलं तरी तेवढ्याने थांबू नका. आधी १९१५ ला फोन करून नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनवर नोंद करा, कित्येक डीलर तेवढ्याने पण फोन उचलायला लागतात.

प्रश्न (जालन्याहून एक वाचक) : काका, शनिवारी इंदूरला गाडी बघायला चाललोय, मी आणि मित्र. मेकॅनिक कुणी ओळखीचा नाही. बरोबर काय घेऊ?

उत्तर : गाडी बघायला चाललायस हे वाचून बरं वाटलं. दुपारी पोचू नकोस, सकाळी पोच, आणि डीलरला आदल्या रात्री सांग की मी आल्याशिवाय गाडी चालू करायची नाही. पोचल्यावर बॉनेटला हात लाव. गरम लागला तर त्याने आधीच चालू करून ठेवलीय, थंड इंजिनचा आवाज आणि धूर त्याला तुला दाखवायचा नाहीये, मग चहा पिऊन ये आणि तासाभराने बघ. चांगला टॉर्च घे. एक साधं लोहचुंबक कापडात गुंडाळून घे, दरवाज्याच्या खालच्या भागावर, चाकाच्या कमानीवर फिरव, जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी भरलीय. काही गाड्यांचा बंपर आणि फेंडर प्लास्टिकचाच असतो, तिथे नाही चिकटणार, त्याने गोंधळू नकोस. काचांवरचे कोपऱ्यातले बारीक आकडे बघ, सगळ्या काचा एकाच वर्षाच्या असल्या पाहिजेत, एखादी वेगळी असेल तर त्या बाजूला काहीतरी झालंय.

आणि पेन्सिल आणि पातळ कागद घे, ट्रेसिंग पेपर असेल तर उत्तम. चासी नंबर पत्र्यावर कोरलेला असतो, त्याच्यावर कागद धरून पेन्सिल घास, १७ अक्षरं-आकडे उठले पाहिजेत. आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर मित्राला मोठ्याने वाचायला लाव. अक्षरं वाकडी, कमी-जास्त खोल, आजूबाजूचा पत्रा वेल्डिंग करून बसवल्यासारखा, रंग वेगळा, असं काही वाटलं तर गाडी चोरीची असायची शक्यता धर. टोटल लॉस झालेल्या गाडीचा नंबर चोरीच्या गाडीवर बसवायचा धंदा उत्तरेत बरीच वर्षं चाललाय, मेरठचा सोतीगंज बाजार त्यासाठीच बदनाम होता. अशी गाडी पोलिसांनी उचलली की तुझे पैसे कोण देणार नाही. एनसीआरबीच्या (देशभरच्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारं सरकारी खातं) वाहन समन्वय साइटवर नंबर टाकून चोरीची नोंद आहे का तेही बघता येतं. आरसीवर बँकेचं नाव असेल तर लोन फिटल्याचं बँकेचं पत्र आणि आरसीवरून बँकेचं नाव काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जायचं नाही, उद्या पाठवतो म्हणाला तर उद्याच पैसे द्यायचे.

तो पेन्सिलने उठवलेला कागद जपून ठेव. फॉर्म २८ वर चासीचा पेन्सिल प्रिंट लागतोच, एनओसी हातात येईल तेव्हा त्याच्यावरचा प्रिंट आणि तुझा कागद शेजारी शेजारी धरून बघ.